कार्बन-तंतूंचे विणलेले कापड

कार्बनच्या अखंड तंतूंच्या जुड्यांचा ताणा व बाणा करून विणलेले काळे, चकचकीत कापड. ते एपॉक्सीसारख्या रेझिनात भिजवून साच्यात घट्ट होऊ दिले म्हणजे हलके व ताठ संमिश्र द्रव्य तयार होते. एका तंतूचा व्यास साधारणतः ५ ते ७ मायक्रोमीटर असतो. ‘३के’ या जुडीत असे ३,००० तंतू असतात.

या कापडाचा उगम कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. काही लेखक स्वान व एडिसन यांच्या विजेच्या दिव्यांतील कार्बनी तारांपासून इतिहास सुरू करतात. परंतु त्या ठिसूळ तारांनी भार पेलण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यांना फार तर दूरचे पूर्वज म्हणता येईल. रॉजर बेकन यांनी १९५८ मध्ये अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत विद्युत् प्रज्योतीतून (आर्कमधून) मिळविलेले ग्रॅफाइटचे केसासारखे स्फटिक विलक्षण बळकट होते, पण आखूडपणामुळे विणकामास निरुपयोगी ठरले. साधारण त्याच सुमारास तेथे रेयॉनचे विणलेले कापडच निष्क्रिय वायूत तापवून त्याचा कार्बन करण्यात येऊ लागला. हे कापड उष्णतारोधनास चांगले, मात्र भार पेलण्यास दुबळे होते. आजच्या कापडात क्रम उलटा आहे : आधी कार्बनचा तंतू, मग वीण. तो शक्य झाला पॉलिॲक्रिलोनायट्राइल या कृत्रिम बहुवारिकापासून (पॉलिमरपासून) केलेल्या तंतूंमुळे, आणि ही वाट ओसाका येथील अकिओ शिंदो यांनी १९६० च्या आसपास दाखविली असे सामान्यतः मानले जाते. ब्रिटिश लेखनात मात्र फार्नबरो येथील विल्यम वॉट व त्यांच्या सहकाऱ्यांना अग्रमान मिळतो. हवेत सुमारे २००° ते ३००° से. तापमानाला तंतू आक्रसू न देता ताणून धरण्याचे त्यांचे तंत्र (सु. १९६४) तंतूंची दृढता पुष्कळ वाढविणारे ठरले, तरीही मूळ कल्पनेचे श्रेय शिंदो यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

साध्या विणीत प्रत्येक जुडी आळीपाळीने आडव्या जुडीच्या वरून व खालून जाते. त्यामुळे कापड विसविशीत होत नाही. मात्र जुड्यांना सतत बाक येतो आणि दाबाखालील बळ घटते. दोन वर, दोन खाली अशा ट्विल विणीत हा बाक कमी असतो, तिरप्या रेघा उमटतात आणि कापड वक्र साच्यावर नीट बसते. सॅटिन विणीत जुड्या आणखी लांबवर सरळ राहतात. भाराची दिशा निश्चित असेल, तर न विणलेले एकाच दिशेच्या तंतूंचे थर सरस ठरतात; म्हणजे ज्या विणीसाठी हे कापड ओळखले जाते, तिच्यापायीच थोडे बळ खर्ची पडते. काँक्रीटच्या खांबांना बाहेरून गुंडाळण्यासाठीही प्रायः एकदिश तंतूंचेच कापड घेतात.

शोभेच्या वस्तूंत पुष्कळदा वरचा एकच थर कार्बनचा असून खाली काचतंतू असतात. एपॉक्सी उन्हाने पिवळी पडत असल्याने वर जंबुपार (अतिनील) किरणांना रोधणारा पारदर्शक लेप देतात. कार्बन विद्युत्‌वाहक असल्याने ओलाव्यात त्याला टेकलेले ॲल्युमिनियम गंजते. ते टाळण्यासाठी दोहोंमध्ये काचतंतूंच्या कापडाचा थर घालतात.