घरातील आगीतून सुटकेची कौटुंबिक तयारी

घराला आग लागली तर घरातील प्रत्येक माणूस दोन-तीन मिनिटांत सुखरूप बाहेर पडावा, यासाठी कुटुंबाने आधी करून ठेवलेली आखणी, त्यासाठी घरात केलेले बदल आणि त्या आखणीचा प्रत्यक्ष सराव, असे या तयारीचे तीन भाग आहेत. आग लागू नये म्हणून घ्यायची खबरदारी आणि लागलेली आग विझवणे हे जवळचे पण वेगळे विषय होत. येथे प्रश्न वाटेचा आहे. नेहमीचा दरवाजा किंवा जिना आगीने अडवला, तर माणसे कोठून निघणार?

महाराष्ट्रातील अलीकडच्या काही दुर्घटना या प्रश्नाभोवतीच फिरतात. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरील कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील ७ जण धुराने गुदमरून गेले. ६ ऑक्टोबर २०२४ ला, तेही पहाटेच, मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान आणि वर घर असलेल्या एका कुटुंबातील ७ जणांचा बळी गेला. १८ मे २०२५ ला सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जण मरण पावले. कारखान्यातच राहणारे मालकाचे कुटुंब त्यांत होते. त्याच दिवशी हैदराबादेत चारमिनारजवळील गुलजार हौज येथे जुन्या घरातील १७ माणसे गेली. खाली व्यवसाय, वर बिऱ्हाड, झोपेची वेळ आणि उतरायला एकच अरुंद वाट: आपल्या गावोगावच्या बाजारपेठांत हजारो कुटुंबे आजही अशीच राहतात. म्हणून या तयारीचा विचार मोठ्या सोसायट्यांपुरता ठेवून चालत नाही.

धूर आणि वेळ. घराच्या आगीत बहुतेक माणसे भाजण्याआधी धुराने गुदमरतात. गादीतला फोम, कृत्रिम धाग्यांचे पडदे, प्लॅस्टिक आणि सोफे जळताना कार्बन मोनॉक्साइड व इतर विषारी वायू निघतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो, त्यामुळे झोपलेला माणूस जागा न होताच बेशुद्ध होऊ शकतो. ‘धुराच्या वासाने जाग येईलच’ हा भरवसा म्हणूनच धोक्याचा आहे. अमेरिकेतील अग्निप्रयोगांत आजच्या पद्धतीच्या फर्निचरने भरलेली खोली पाच मिनिटांच्या आत पूर्ण पेटल्याचे आढळले. लाकूड आणि सुती सामान असलेल्या जुन्या धर्तीच्या खोलीला त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. आपल्या आजी-आजोबांच्या काळातला आगीचा अंदाज आता लागू पडत नाही, तो यामुळे.

तापलेला धूर वर चढतो. छताखाली तो आधी दाटतो आणि जमिनीलगत काही काळ श्वास घेण्याजोगी हवा उरते, म्हणून धुरातून जाताना रांगत जायचे असते. वस्तीतल्या घरांमध्ये मुले बहुधा पोटमाळ्यावर झोपतात. धूर सर्वांत आधी भरतो तो तेथेच, आणि खाली यायला एक लोखंडी शिडी असते. जेथे दुसरी सोय नाही तेथेही पोटमाळ्याला माणूस निघेल एवढी उघडणारी खिडकी ठेवणे आणि शिडीखाली स्टोव्ह, रॉकेल किंवा सिलिंडर न ठेवणे एवढे करता येते.

ओल्या कापडाबद्दलही नीट समजून घ्यायला हवे. नाकातोंडावर धरलेले ओले सुती फडके काजळी आणि घशाला झोंबणारे कण अडवते. कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. २२ ऑगस्ट २०१८ ला परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावरील तिसरीतल्या एका मुलीने शाळेत शिकलेले आठवून शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला लावले. पुढे तिला राष्ट्रीय बाल शौर्य पुरस्कार मिळाला. त्या आगीत ४ जण दगावले. मुलांना शिकवलेले ऐन वेळी उपयोगी पडते, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला शोधण्याची गरज नाही. मात्र ओले फडके हाती आले म्हणून धुरात थांबायचे नसते, ते बाहेर पडण्यापुरतेच.

दोन वाटा. आखणीची सुरुवात घराचा साधा नकाशा काढून होते. प्रत्येक खोलीतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा त्यावर दाखवायच्या: एक दाराची, दुसरी खिडकी, गॅलरी, गच्ची किंवा मागच्या पडवीची. नकाशा मुलांनी काढावा. घराच्या बारीकसारीक जागा त्यांना मोठ्यांपेक्षा चांगल्या ठाऊक असतात.

दुसरी वाट शोधताना मराठी घर हमखास अडखळते ते खिडकीच्या ग्रिलपाशी. चोरीच्या आणि मूल पडण्याच्या भीतीने आपण खिडक्या-गॅलऱ्या लोखंडी गजांनी पक्क्या बंद करतो. बाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलमध्ये कुंड्या आणि भंगार साठते, आणि आगीच्या वेळी तीच जागा पिंजरा होते. अग्निशमन दलाच्या जवानांना आधी गज कापावे लागतात, त्यात मोलाची मिनिटे जातात. उपाय अवघड नाही. ग्रिलच्या एका भागाला बिजागरी लावून आतून उघडणारे दार करता येते. माणूस खांद्यासह सहज निघेल एवढे ते मोठे हवे. त्याला कुलूप असेल तर किल्ली जवळच, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा ठरलेल्या खिळ्यावर असावी आणि ती दुसऱ्या कोणत्याही कामासाठी हलवू नये. मुख्य दरवाजाचेही तसेच. लाकडी दार, सेफ्टी डोअर, वर कडी, खाली बोल्ट आणि रात्री आतून कुलूप असेल, तर अंधारात सगळे उघडायला किती वेळ लागतो हे डोळे मिटून एकदा करून पाहावे.

विजेवर चालणाऱ्या दुचाकी हा या प्रश्नातला नवा भाग आहे. लिथियम-आयन बॅटरी पेटली तर आग झपाट्याने भडकते, दाट विषारी धूर सोडते आणि विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते. चार्जिंग जिन्याखाली किंवा उंबऱ्याशी केले, तर घराची एकमेव वाटच पणाला लागते. ६ ऑक्टोबर २०२३ ला गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पार्किंगमधील वाहने आणि कापडाच्या चिंध्या पेटल्या आणि धूर थेट वरच्या मजल्यांवर पोचला, हे येथे आठवावे.

रात्री निजण्यापूर्वी खोल्यांची दारे लावून घेणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. बंद लाकडी दार धूर आणि उष्णता काही मिनिटे थोपवते. उठल्यावर दार उघडण्यापूर्वी ते हाताच्या पालथ्या बाजूने चाचपावे. तापलेले असेल तर दुसरी वाट धरावी. बाहेर पडताना आगीच्या खोलीचे दार ओढून घ्यावे.

उंच इमारती. आग आपल्याच घरात असेल तर सर्वांनी बाहेर पडून दार ओढून घ्यायचे आणि जिन्याने उतरायचे. लिफ्ट वापरायची नाही. वीज गेली की ती मध्येच अडकते आणि तिच्या पोकळीतून धूर वर खेचला जातो. आग खालच्या मजल्यावर असून जिना धुराने भरला असेल, तर त्यात शिरण्यापेक्षा घरात परतून दार लावणे, फटीत ओले टॉवेल कोंबणे, खिडकीशी उभे राहून फोनवर आपला मजला कळवणे आणि टॉर्च किंवा रंगीत कापड हलवणे योग्य. ठराविक उंचीवरच्या इमारतींत मधल्या मजल्यांवर रेफ्युज एरिया, म्हणजे थांबण्यासाठी राखलेली मोकळी जागा असते. ती कोणत्या मजल्यावर आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे, आणि तेथे सोसायटीचे मोडके फर्निचर ठेवलेले नसावे. जिन्याचे आगरोधक दार वीट लावून उघडे ठेवण्याची आणि जिन्यात चपलांची कपाटे, सायकली ठेवण्याची सवय सर्रास दिसते. अशा सवयीचा त्रास वरच्या मजल्यांवरील सर्वांना होतो, म्हणून शेजाऱ्याचा राग पत्करूनही ती मोडावी.

माणसे आणि सराव. कोणी कोणाला उठवायचे, हे नावानिशी ठरलेले असावे. लहान मुले गजराच्या आवाजानेही बऱ्याचदा जागी होत नाहीत, हे अभ्यासांतून दिसले आहे. त्यांना उठवणारा मोठा माणूस आणि तो घरी नसल्यास दुसरा, असे दोघे नेमावेत. अंथरुणाला खिळलेल्या आजीला उचलता आले नाही, तर सतरंजीवर किंवा चादरीवर घेऊन जमिनीवरून ओढत नेता येते. ज्यांना चालायला त्रास होतो त्यांची झोपण्याची जागा दाराजवळ हवी. काठी, चष्मा, श्रवणयंत्र आणि टॉर्च उशाशी हवेत. घाबरलेली मुले पलंगाखाली किंवा कपाटात लपतात. आग दिसली की लपायचे नाही, हे त्यांना स्वतंत्रपणे सांगावे लागते. कपड्यांनी पेट घेतला तर धावायचे नाही, जागीच आडवे होऊन लोळायचे. जवळ लोकरीची घोंगडी असल्यास ती पेटलेल्या माणसाभोवती गुंडाळावी, कारण लोकर सहजासहजी पेटत नाही. पॉलिस्टरची साडी मात्र वितळून कातडीला चिकटते.

बाहेर जमण्याची एक जागा ठरवावी: समोरचे देऊळ, कोपऱ्यावरचे झाड, सोसायटीचे फाटक. तेथे माणसे मोजली की कोण आत राहिले ते जवानांना सांगता येते. दागिने, कागदपत्रे, मोबाइल यांसाठी कोणीही परत आत जायचे नाही. कागदपत्रांच्या प्रती आधीच दुसरीकडे ठेवल्या, तर तो मोहही उरत नाही. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ वर फोन करून पत्ता, जवळची खूण, मजला आणि अडकलेल्यांची संख्या सांगावी. मुलांना आपला पूर्ण पत्ता पाठ असावा.

वर्षातून दोनदा आणि त्यांतून एकदा रात्री सराव करावा, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचे सांगणे आहे. बॅटरीवर चालणारे धूरसूचक यंत्र तेथे घरोघरी असते. जपानने २००६ पासून नव्या घरांना ते सक्तीचे केले. आपल्याकडे ते अजून घरगुती वस्तू झालेले नाही. झोपण्याच्या खोलीबाहेर छताला एक लावले आणि महिन्यातून एकदा बटण दाबून तपासले, तरी पहाटेच्या आगीत माणसे वेळेवर जागी होण्याची शक्यता बरीच वाढते.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्यानुसार, ज्या इमारतींना तो लागू होतो त्यांच्या मालकांनी किंवा भोगवटादारांनी अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचे असते. आपल्या इमारतीचे शेवटचे प्रमाणपत्र रहिवाशांनी सोसायटीकडे मागून पाहावे. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात प्राण गमावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या काळात ठिकठिकाणची दले प्रात्यक्षिके दाखवतात, आणि कुटुंबाचा पहिला सराव त्यानंतर लगेच घेणे सोयीचे जाते.