सोलर होडी की बॅटरीची होडी?

छपरावर एखादं पॅनल दिसलं की होडी सोलरची, असा आपल्याकडे समज झालाय. मोटर दोन्हींत तीच, पंखाही तोच. बॅटरी कशावर भरते एवढाच फरक, पण मासेमाराचं सगळं गणित त्यावर ठरतं.

बॅटरीची होडी काठावरच्या विजेवर चार्ज होते. हतनूर धरणालगत, जिथे घरापर्यंत लाइन आली आहे, तिथे हे जमण्यासारखं आहे. तीच होडी अक्राणी तालुक्यात नर्मदेच्या बॅकवॉटरला न्या. उन्हाळ्यात पाणी उतरतं. होडी खाली, घर वर टेकडीवर. वीस-पंचवीस किलोंची बॅटरी खांद्यावर घेऊन ती चढण रोज कोण चढणार? वर गेल्यावर लाइट असेल याचाही भरवसा नाही. अशा ठिकाणी सोलरच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण सोलर कशाला म्हणायचं? रोजच्या वापराइतकी वीज जिचं स्वतःचं पॅनल देतं, ती सोलर होडी. एक किलोवॅटची मोटर, म्हणजे साधारण सव्वा हॉर्सपॉवर, तासभर चालली की एक युनिट जातं. संध्याकाळी जाळं टाकून येणं आणि पहाटे काढून आणणं यात मिळून दीड तास गेला, तर दीड युनिट. ४०० वॅटचं पॅनल निरभ्र दिवशी तेवढं सहज देतं, कारण मधला अख्खा दिवस होडी उन्हात उभीच असते. १०० वॅटचं पॅनल लावून सोलर म्हणून विकलेली होडी खरं तर बॅटरीचीच. दुकानात आधी पॅनलचे वॅट विचारा.

केरळातल्या ‘आदित्य’ या २०१७ साली सुरू झालेल्या प्रवासी बोटीवर २० किलोवॅटची पॅनल्स आहेत. मोठ्या छपरावर ती मावतात. आपल्या होडीत फेकजाळं टाकायला पुढचा भाग मोकळाच लागतो, त्यामुळे दोन चौरस मीटरचं एक पॅनल मागे बसवलं की जागा संपली. मग वीज पुरवून वापरायची तर वेग आवरावा लागतो. होडीचा वेग दुप्पट करायला जवळपास आठपट ताकद लागते.

मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हात वीज भरपूर मिळेल असं वाटतं, पण तापलेलं पॅनल कमी वीज देतं. बॅटरीचं आयुष्यही उष्णतेने घटतं, म्हणून तिची पेटी सावलीत, हवा खेळेल अशी ठेवा. पावसाळ्यात आठवडाभर आभाळ राहिलं तर सोलर होडीलाही काठावरून चार्ज करावं लागतं. तेव्हा घेतानाच तिला चार्जिंगचं सॉकेट आहे ना, ते बघून घ्या.