घरघर लागते तेव्हा

एखादा साखर कारखाना डबघाईला आला की बातमी येते, ‘कारखान्याला घरघर लागली’. हा शब्द आला कुठून, याचा विचार मी कधी केला नव्हता. मग मरणाच्या वाटेवर असलेल्या आत्याच्या खोलीत ती खरी घरघर ऐकली. हुक्क्यातल्या पाण्यासारखा ओला, लयीत चाललेला आवाज. आत्याचा मुलगा दारातूनच ओरडला, “अगं, ती गुदमरतेय!”

ती गुदमरत नव्हती. आपण सगळेच दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतो आणि नकळत गिळत राहतो. शेवटच्या एकदोन दिवसांत शुद्ध हरपत जाते, तसं गिळणं आणि खोकणं या दोन्ही क्रिया बंद पडत येतात. घशात जरा कफ साचतो आणि येणारा-जाणारा श्वास त्यात बुडबुडे काढतो. शुद्धीतल्या माणसाला एवढ्यावर जोराचा ठसका लागला असता. तो लागत नाही, म्हणजे जाणीव फार खोल गेलेली असते. अशा वेळी आवाजापेक्षा चेहरा पाहावा. कपाळावर आठी नसेल, हात सैल पडलेले असतील, तर त्रास बहुधा ऐकणाऱ्यालाच होत असतो.

नळी घालून कफ ओढा, असा आग्रह नातेवाईक हमखास धरतात. पण कफ बहुतेकदा नळी पोचते त्याच्या खाली असतो, आणि नळीने घसा मात्र सोलवटतो. त्यापेक्षा पेशंटला कुशीवर वळवून पाठीशी उशी द्यावी, डोकं थोडं उंच करावं. निम्मा आवाज कित्येकदा तेवढ्यानेच उतरतो. स्राव कमी करणारी ग्लायकोपायरोलेटसारखी इंजेक्शनं असतात, पण ती नवा स्राव रोखतात, साचलेला काढत नाहीत. म्हणून डॉक्टरांना लवकर विचारलेलं बरं.

खरं भांडण होतं ते सलाईनवरून. आमच्याकडेही झालं. “चार दिवस पोटात काही नाही, सलाईन तरी लावा. उपाशी मारायचं का तिला?” या प्रश्नापुढे भलेभले गप्प होतात. आपल्याकडे माया ताटातूनच वाढली जाते, त्यामुळे ‘ती जेवत नाही’ हे ‘आपण जेवू घालत नाही’ असं ऐकू येतं. शरीरात घडतं ते वेगळंच. कॅन्सर किंवा हृदय, मूत्रपिंडाच्या शेवटच्या टप्प्यावर पेशींना अन्न नीट वापरता येत नाही. भूक मरते. माणूस जेवत नाही म्हणून जात नसतो, जायला लागलेला असतो म्हणून जेवत नाही. तरी भरवलेला घास गिळता आला नाही, तर तो श्वासनलिकेत उतरायची भीती.

पाण्याचंही तसंच. थकलेलं हृदय आणि मूत्रपिंडं बाटलीभर पाणी पेलू शकत नाहीत. ते पायांत सूज होऊन उतरतं, फुप्फुसात झिरपतं, घशातली घरघर वाढवतं. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हॉस्पिसच्या, म्हणजे अखेरच्या काळातल्या रुग्णांना सांभाळणाऱ्या सेवेच्या, 129 कॅन्सर रुग्णांपैकी काहींना रोज एक लिटर सलाईन दिलं, बाकीच्यांना फक्त 100 मिलिलिटर. त्रासात आणि आयुष्याच्या लांबीत लक्षणीय फरक पडला नाही. सलाईन कधीच द्यायचं नाही असं नव्हे. उलट्याजुलाबांनी गळाठलेल्या माणसाची गोष्ट निराळी, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं.

मग तोंड कोरडं पडतं त्याचं काय? ते बरंचसं तोंडाने श्वास घेतल्यामुळे आणि औषधांमुळे पडतं, शिरेतलं पाणी तिथवर पोचून फारसा उपयोग होत नाही. पाण्यात बुडवून पिळलेला कापसाचा बोळा जिभेवरून, गालांच्या आतून दर तासा-दोन तासांनी फिरवायचा, ओठांना तूप लावायचं. तुळशीपत्राने गंगाजलाचे दोन थेंब ओठांवर सोडणाऱ्या आजीची ही पद्धत काही वाईट नव्हती. चमच्याने पाणी ओतायचं मात्र टाळावं.

श्वासाचाही एक ठेका दिसतो. खोल, आणखी खोल, मग उथळ, मग काहीच नाही. घरचे घड्याळाकडे बघत राहतात आणि पंधरा-वीस सेकंदांनी श्वास पुन्हा सुरू होतो. डब्लिनचे डॉक्टर जॉन चेन यांनी 1818 मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी 1854 मध्ये याचं वर्णन केलं. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडची वर्दी मेंदूला उशिरा लागते, म्हणून श्वास कधी गरजेपेक्षा जास्त होतो, कधी थांबतो.

धाप आणि वेदना असतील तर मॉर्फिन. ‘सवय लागेल’, ‘त्यानेच गेली’ या दोन्ही धास्ती जुन्या आहेत. योग्य मात्रेत ते मेंदूतली घुसमटीची जाणीव बोथट करतं. बद्धकोष्ठता होते, म्हणून जोडीला रेचक हवंच. गंमत अशी, की नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते आणि तिच्यातूनच निघणारं हे औषध आपल्या गावात मिळत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने ते परवान्यांच्या जंजाळात अडकलं होतं. 2014 च्या दुरुस्तीने वाट थोडी सोपी झाली. मुंबईत वांद्र्याला 1986 पासून ‘शांती अवेदना सदन’ हे हॉस्पिस आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, केंद्र आहे. पण अशा ठिकाणी लोक येतात ते फार उशिरा, हा माझा आक्षेप. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांवर अभ्यास झाला होता, तो 2010 साली छापला गेला. ज्यांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली, त्यांच्यातला मधला रुग्ण (मध्यक) 11.6 महिने जगला. बाकीच्यांतला 8.9.

आता ऐकण्याबद्दल. व्हँकुव्हरच्या एका हॉस्पिसमध्ये प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या डोक्याला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणाऱ्या, तारा लावून त्यांना सुरांच्या मालिका ऐकवल्या. त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूने मृत्यूच्या काही तास आधीही वेगळा सूर निरोगी तरुणांसारखाच टिपला (2020). रुग्ण मोजकेच होते, आणि सूर टिपणं म्हणजे बोलणं समजणं नव्हे. तरीही आमच्या घरी त्या दिवसापासून आत्याच्या उशाशी तेराव्याची चर्चा बंद झाली.

सलाईनसाठी भांडणाऱ्या तिच्या मुलाला काय बोलावं ते सुचेना. बोळा पिळत पिळत तो शेवटी म्हणाला, “आई, चंद्री व्यायली गं. रेडी झाली. दूध आटलं म्हणत होतीस ना, आता चांगलं सहा लिटर देतेय.” मग बादली, चरवी, सोसायटीतला फॅट, सगळं सांगत बसला.