काफिल्याचे पाणी (सहारा)

सहारा वाळवंटात अनेक दिवसांच्या प्रवासात पिण्याचे पाणी बरोबर नेण्याची, वाटेत भरून घेण्याची आणि पुरवून वापरण्याची व्यवस्था. सगळे गणित वजनाचे आहे. कडक उन्हात दिवसभर चालणाऱ्याला रोज आठ-दहा लिटर पाणी सहज लागते, आणि एक लिटर म्हणजे एक किलो. आठवड्याचे पाणी पाठीवर घेऊन निघणे कोणालाच जमत नाही. ओझ्याला गाढव घ्यावे, तर दर दोन-तीन दिवसांनी त्यालाही पाजावे लागते. उंटाची गोष्ट वेगळी. वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके पाणी घटले तरी तो चालत राहतो आणि विहिरीवर पोचला की काही मिनिटांत शंभर लिटर पिऊ शकतो.

उंट वापरात येण्याआधी इजिप्तच्या दाखला मरूद्यानातून गिल्फ कबीर पठाराकडे गाढवांचे तांडे जात. त्या वाटेवर अबू बल्लास येथे मातीच्या रांजणांचा मोठा साठा सापडला. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लोकांनी पाणी आधी पुढे नेऊन ठेवले आणि मग प्रवास केला. हे रांजण भरायला किती खेपा झाल्या असतील!

१३५२ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथल्याच सिजिलमासा या व्यापारी शहरातून माली राज्याकडे निघाला. तासरह्ला या पाणवठ्यावर काफिला तीन दिवस थांबला. लोकांनी फाटक्या मसका (पाण्याच्या कातडी पिशव्या) शिवल्या, भरल्या आणि वाऱ्याने पाणी उडू नये म्हणून त्यांवर जाडेभरडे कापड टाचले. बकऱ्याच्या कातड्याची मसक पाझरते. त्यामुळे आतले पाणी गार राहते, पण कमीही होते. पुढच्या कोरड्या टप्प्यासाठी एक वाटाड्या एकटाच आधी वाळवंटापलीकडच्या वलाता गावाला पाठवत. त्याचा निरोप मिळाला की तिथले लोक पाणी घेऊन चार दिवसांच्या अंतरावर काफिल्याला सामोरे येत. वाटाड्या वाटेतच मेला, तर बहुधा काफिलाही संपे.

विहीर गाठली म्हणजे पाणी मिळालेच असे नाही. अनेक विहिरी फार खोल असतात आणि काठावर दोर-पोहरा असेलच याचा भरवसा नसतो. तो आपलाच न्यावा लागतो. काही विहिरींचे पाणी खारट असते, पोट बिघडवते. कातड्याच्या मसकांच्या जोडीला आता ट्रॅक्टरच्या ट्यूबपासून केलेल्या पिशव्या आणि प्लॅस्टिकचे कॅन आले आहेत. सगळे पाणी एकाच मोठ्या भांड्यात ठेवणे धोक्याचे: ते फुटले की सगळेच गेले.

पाणी घोट-घोट मोजून पुरवावे, हा समज चिवट आहे आणि चुकीचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅडॉल्फ यांच्या गटाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात चाचण्या घेतल्या. पाणी कमी दिले म्हणून घाम काही फारसा कमी होत नाही. उलट पाणी जवळ असूनही घामाघूम माणूस गरजेपेक्षा कमीच पितो, असे त्यांना आढळले. तेव्हा काटकसर करायची ती घामाची: चाल पहाटे किंवा रात्री, दुपार सावलीत, अंगावर सैल कपडे. मात्र मीठ न घेता नुसते पाणी भरमसाट प्यायल्यास रक्तातले सोडियम घसरते आणि तेही जिवावर बेतू शकते.

मोटारीने अंतर आटोक्यात आणले, पण तहानलेल्यांत इंजिनाची भर पडली. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि वाळवंटाचे संशोधक राल्फ बॅग्नोल्ड यांनी इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरची वाफ नळीने पाणी असलेल्या डब्यात सोडली. तिथे ती थंड होऊन पाणी बने आणि इंजिन निवले की तेच पाणी परत रेडिएटरमध्ये ओढले जाई. त्यामुळे गाडीत नेलेले पाणी माणसांसाठी शिल्लक राहू लागले.