बीज घेण्याआधी आई-बाप विचारा
मत्स्यबीज आणि गोड्या पाण्यातल्या कोळंबीचे बीज घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, बडोदे

मृग लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. डभोई, वाघोडिया, पादरा, करजण, शिवाय नवापूर-नंदुरबारकडूनही. पहिला प्रश्न भावाचा असतो, दुसरा आकाराचा: जिरे (नुकती फुटलेली बारीक पिल्ले) देता की बोटुकली (बोटाएवढी पिल्ले)? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण वर्षअखेरीला मासा किलोचा होणार की पाऊण किलोवर अडणार, हे ज्यावर बरेचसे अवलंबून असते तो प्रश्न फार थोडे लोक विचारतात. या बीजाचे आई-बाप कोण, आणि ते किती होते?

खाद्य, पाणी, प्राणवायू यांवर आपण बोलतो, कारण त्या गोष्टी डोळ्यांना दिसतात. वंश पिशवीत दिसत नाही. म्हणून हे पत्रक.

एका मादीची लाखो पिल्ले

गाईला वर्षाला एक वासरू होते. रोहूची मादी स्वतःच्या किलोभर वजनामागे साधारण दोन ते तीन लाख अंडी देते. माशांच्या वंशसुधारणेचे सगळे बळ यात आहे. निवडक जोड्यांचा गुण एका हंगामात शेकडो तळ्यांत पोचवता येतो. आणि धोकाही इथूनच सुरू होतो, कारण चार-पाच माद्यांवर अख्ख्या तालुक्याची मागणी भागते. मग बीजकेंद्रवाला जास्त प्रजनक, म्हणजे बीज काढायला ठेवलेले नर-माद्या, पोसण्याचा खर्च कशाला करील?

पूर्वी ही अडचण नव्हती. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. बीज नदीतून धरून आणावे लागे, आणि नदीतल्या त्या बीजाला हजारो आई-बाप असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प (रोहू-कटल्याच्या कुळातल्या) माशांचे प्रजनन घडवून आणले. तोच दिवस आज देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्या शोधाविना आमचा धंदाच नसता. मात्र नदीवरचे अवलंबन सुटले तेव्हापासून वंशाची जबाबदारी बीजकेंद्रांवर आली, आणि ती सगळ्यांनी सारखी पाळली नाही.

नात्यातली जोडी म्हणजे नेमके काय बिघडते

प्रत्येक माशाकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एखादी प्रत सदोष असली तरी दुसरी काम निभावून नेते, म्हणून दोष लपून राहतो. भाऊ-बहिणीची जोडी लागली की तीच सदोष प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. मग अंडी कमी फुटतात, पिल्ले जास्त मरतात, वाढ मंदावते, रोगाला तोंड देण्याची ताकद घटते. एका पिढीत हे लक्षातही येत नाही. चार-पाच पिढ्यांनी शेतकरी म्हणतो, पूर्वीसारखा रोहू राहिला नाही.

याचा हिशेब कोणालाही करता येतो. नरांच्या आणि माद्यांच्या संख्येचा गुणाकार करा, त्याला चारने गुणा आणि एकूण प्रजनकांच्या संख्येने भागा. येणारा आकडा म्हणजे वंशाच्या दृष्टीने कामाला आलेले प्रजनक. एकाला त्याच्या दुपटीने भागले की त्या पिढीत नात्यातले प्रजनन किती वाढले ते कळते. २५ नर आणि २५ माद्या असतील तर आकडा ५० येतो आणि वाढ १ टक्का. २० माद्यांना फक्त २ नर लावले तर डोळ्यांना २२ मासे दिसतात, पण हिशेबात सातच्या आसपास उरतात, आणि वाढ जवळजवळ ७ टक्के. नरांत काटकसर केली की एवढा फरक पडतो. १९९० साली कर्नाटकातल्या बीजकेंद्रांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतीय कार्प माशांत हा दर पिढीमागे २ ते १७ टक्के असल्याचा अंदाज निघाला होता.

प्रत्यक्षात चित्र हिशेबाहूनही वाईट असू शकते. गोल टाकीत सगळे नर-माद्या एकत्र सोडले की एखाद-दुसरा दांडगा नर निम्म्याहून जास्त अंडी फळवतो आणि बाकीचे नुसते फिरत राहतात.

उरलेला मासा प्रजनक म्हणून ठेवू नका

ही गोष्ट आम्हाला सगळ्यात कळकळीने सांगायची आहे. हंगामात मोठे मासे आधी बाजारात जातात. तळ्यात शेवटी मागे राहिलेले, न वाढलेले मासे उरतात, आणि पुढच्या वर्षी बीज काढायला तेच ठेवले जातात. हीसुद्धा निवडच आहे, फक्त उलट्या दिशेची: वर्षामागून वर्षे आपण हळू वाढणाऱ्यांना आई-बाप करतो. कोणाच्या मनात वाईट नसते, पैशाची निकड असते, हे आम्ही जाणतो. तरी ज्यांना घरचे बीज काढायचेच आहे त्यांनी मोठ्या माशांतले काही पहिल्या जाळ्यातच बाजूला काढावेत, आणि दर दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या ठिकाणचे नर आणावेत.

आमच्याकडून नेलेल्या सुधारित रोहूपासून मात्र घरी बीज काढू नये. एका खेपेतल्या बोटुकलीत बरीच एकमेकांची भावंडे असतात.

जयंती रोहू कसा घडला

भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथे केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था आहे, तिला सगळे ‘सिफा’ म्हणतात. तिथे १९९२ मध्ये नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर रोहूच्या वंशसुधारणेचे काम सुरू झाले. नॉर्वेने १९७०च्या दशकापासून सामन माशावर हेच काम केले होते. रोहूसाठी गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज आणि गोमती या पाच नद्यांतला मासा आणला, त्यात संस्थेच्या तळ्यांतला रोहू मिळवला आणि पाया मुद्दाम रुंद ठेवला. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, तो बाहेर आला आणि त्याचे नाव ‘जयंती’ ठेवले गेले. वाढीत पिढीमागे सुमारे १७ टक्के सुधारणा झाल्याचे संस्था सांगते.

हे काम किती चिकाटीचे आहे ते पाहा. एका जोडीची पिल्ले दुसऱ्या जोडीच्या पिल्लांपासून ओळखू येत नाहीत. म्हणून प्रत्येक कुटुंबाचे जिरे वेगळ्या तळ्यात वाढवायचे. पिल्ले बोटाएवढी झाली की प्रत्येकाच्या पोटात भाताच्या दाण्याएवढी काचेची खूण सुईने बसवायची. तिच्यातला क्रमांक यंत्र फिरवले की वाचता येतो. मग सगळी कुटुंबे एकाच तळ्यात, एकाच खाद्यावर वाढवायची, म्हणजे तळ्याचा फरक वंशाच्या फरकात मिसळत नाही. विक्रीच्या वजनाला आल्यावर प्रत्येक मासा मोजायचा आणि त्याचे स्वतःचे वजन व त्याच्या भावंडांची सरासरी, दोन्ही धरून निवड करायची. रोहू वयात यायला दोन वर्षे घेतो, त्यामुळे ही एवढी मेहनत एका पिढीची झाली.

रोगाच्या बाबतीत आणखी एक युक्ती आहे. रोग आणणाऱ्या एरोमोनास जिवाणूला कोण टिकतो हे पाहायचे तर माशाला तो जिवाणू टोचावा लागतो, आणि तसा मासा पुढे प्रजननाला घेत नाहीत. म्हणून चाचणी भावंडांवर होते, आणि ज्या कुटुंबातली जास्त भावंडे वाचतात त्यातले न टोचलेले मासे आई-बाप होतात. आता शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवून त्यातल्या डीएनएवरूनही नाते काढता येते.

हल्ली याच संस्थेची ‘अमृत कटला’ ही जातही आली आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: जयंती रोहूला उपाशी ठेवले तर तो साध्या रोहूसारखाच राहील. वाढीची क्षमता अंगात असते, पण ती दिसायला खाद्य लागते. नुसत्या शेणखतावर तलावडी चालवणाऱ्याने जास्त पैसे मोजण्याआधी आमच्याशी बोलावे.

ना कटला, ना रोहू

रोहू, कटला, मृगळ तिघांच्याही पेशीत ५० गुणसूत्रे असतात, म्हणून त्यांचा संकर सहज होतो आणि संकरित मासा पुढे पिल्लेही देतो. एकाच टाकीत वेगवेगळ्या जातींचे मासे सोडणाऱ्या बीजकेंद्रांत हे न ठरवता घडते. आपली मिश्र शेती उभी आहे ती कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो या हिशेबावर. संकरित मासा धड कुठल्याच थराचा नसतो. त्याच्या पिल्लांत तर काहीही निघते.

बोटुकली हातात घेऊन तोंड पाहा. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, डोके मोठे आणि मिशा नसतात. रोहूचे तोंड खालच्या बाजूला, ओठांना बारीक झालर. कटल्याचे रुंद अंग आणि झालरवाला ओठ एकाच माशात दिसला तर शंका घ्या. खात्रीसाठी प्रयोगशाळेत तपासणी होते, पण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यावरून बाप कळत नाही. केंद्रकातल्या डीएनएची तपासणी मागावी लागते.

वाकड्या कण्याचा किंवा आखूड कल्ल्याचा मासा दिसला की काही ग्राहक लगेच वंशाला दोष देतात. कधी तो वंशाचा असतो, कधी खाद्यात क जीवनसत्त्व कमी पडलेले असते. पिशवीत दोन-चार मोठी पिल्ले दिसली म्हणून वंश उत्तम असेही नाही. आधी खायला शिकलेले पिल्लू पुढे जाते, एवढाच त्याचा अर्थ.

कोळंबीवाल्यांसाठी

गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, म्हणजे स्कॅम्पी, आपल्या नर्मदेच्या मुखाची. वाढते गोड्या पाण्यात, पण तिच्या अळ्यांना खारट पाणीच लागते. सिफाने २००७ मध्ये तिच्या वंशसुधारणेचे काम हाती घेतले तेव्हा पायाला तीन ठिकाणचा वंश घेतला: गुजरात, केरळ आणि ओडिशा. आपल्या किनाऱ्याची कोळंबी देशाच्या सुधारित जातीत आहे, याचा आम्हाला मनापासून अभिमान वाटतो.

एकाच वयाच्या कोळंबीत लहान-मोठे एवढे का, ही तक्रार दर हंगामात येते. यात बीजाचा दोष बहुधा नसतो. नरांत तीन प्रकार पडतात: लांब निळ्या नांग्यांचा दादा, नारिंगी नांग्यांचा जोमाने वाढणारा, आणि दबून राहिलेला छोटा. निळ्या नांग्यांचा नर भोवतालच्या लहान नरांची वाढ अडवून धरतो. त्याला जाळ्याने काढून विकले की मागचे पुढे सरकतात. म्हणून पीक एकदम न काढता टप्प्याटप्प्याने काढा.

नर मादीपेक्षा मोठा होतो, म्हणून सगळे नरच हवेत अशीही मागणी असते. इस्राएलमधल्या बेन गुरियन विद्यापीठात नराच्या एका ग्रंथीचे जनुक काही काळ गप्प करून नराला मादीचे रूप देण्यात आले. अशा ‘मादी’ची सगळी पिल्ले नर निघतात. आमच्याकडे असे बीज नाही.

खाऱ्या पाण्यातली व्हॅनामेई कोळंबी आम्ही विकत नाही. पण जंबुसरकडचे लोक विचारतात म्हणून एवढे सांगतो: एसपीएफ म्हणजे ठरावीक रोगजंतू नसलेल्या प्रजनकांचे बीज. त्याला रोग होणारच नाही असा त्याचा अर्थ नाही. तळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला तर तीही मरते. बीज तटीय मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाकडे नोंदलेल्या केंद्रातूनच घ्या आणि पीसीआरचा (विषाणू तपासणीचा) दाखला पाहा. तळ्यात वाढलेल्या कोळंबीला प्रजनक करून काढलेले स्वस्त बीज घेऊ नका.

हे जीएम (बाहेरचे जनुक घातलेले) मासे आहेत का?

नाहीत. जयंती रोहूत बाहेरचे एकही जनुक घातलेले नाही, निवडून जोड्या लावल्या आहेत. दुसऱ्या जातीच्या माशाचे वाढीचे जनुक घातलेला सामन अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाला, तो प्रकार वेगळा. जपानमध्ये २०२१ पासून जनुक संपादित (स्वतःच्याच जनुकात बदल केलेला) मासाही विकला जातो. आमचा त्यांपैकी कशाशीही संबंध नाही. निर्धास्त खा आणि गिऱ्हाईकाला तसे सांगा.

पूर आला तर

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली ते सगळ्यांनी पाहिले. अशा वेळी काठावरच्या तळ्यातला मासा नदीत जातो, तिथून ढाढर नदीत, आणि जंगली वंशात मिसळतो. नदीतला वंश हा पुढच्या सगळ्या सुधारणेचा साठा आहे, वर सांगितलेल्या पाच नद्या आठवा. पावसाआधी बांध उंच करा, सांडव्याला जाळी लावा. थाई मागूर हा परदेशी मासा तर कोणीही आणू नये. त्याच्यावर देशात बंदी आहे.

आमची पद्धत आणि एक विनंती

प्रत्येक जातीचे किमान २५ नर आणि २५ माद्या आम्ही वापरतो, जाती वेगळ्या टाक्यांत ठेवतो, आणि प्रत्येक खेपेचे आई-बाप प्रजनक वहीत लिहितो. बीज न्यायला याल तेव्हा ती वही मागा. पावतीवर खेपेचा क्रमांक असतो, पावती जपून ठेवा.

बीज सोडल्यापासून दर महिन्याला जाळे टाकून ३० मासे हाती लागतील तसे घ्या, मोठे वेचू नका, आणि एकत्र वजन करून सोडून द्या. खेपेचा क्रमांक, तारीख, तळ्याचे क्षेत्र, किती बीज सोडले होते, कोणते खाद्य देता, हे सगळे त्या वजनासोबत व्हॉट्सॲपवर पाठवा. कोणत्या खेपेची वाढ कोणत्या पाण्यात कशी झाली ते यावरून कळते, आणि पुढच्या हंगामात कुठले प्रजनक ठेवायचे, कुठले बदलायचे ते आम्ही त्यावरच ठरवतो. ज्यांची वाढ कमी झाली असेल त्यांनी तर आवर्जून पाठवा.