न बोललेलं आणतं कोण?

मे महिन्याच्या अखेरीस रत्नागिरीकडच्या एखाद्या घराचं खळं बघा. आमसुलं वाळत पडलेली, शेजारी आंब्याची साठं. ओटीवरून आजी एवढंच म्हणते, "आभाळ आलं हो!" त्यात 'आमसुलं' नाही, 'उचला' तर नाहीच. तरी घटकाभरात खळं रिकामं.

अशा न बोललेल्या गोष्टीला आपण सरसकट 'अध्याहृत' म्हणून मोकळे होतो. शब्द सुरेख आहे: अधि + आ + हृ, म्हणजे आणखी आणलेलं. बोलणाऱ्याने काय गाळलं यापेक्षा ऐकणाऱ्याने काय आणून बसवलं, याकडे त्याचं लक्ष. मीमांसकांचं, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांचं, उदाहरण असं: कुणी नुसतं 'दार!' म्हणालं, की 'लाव' आपण आणतो. पण आणतो तो शब्द की नुसता अर्थ? यावर कुमारिल भट्ट आणि प्रभाकर या दोन मीमांसकांच्या परंपरांत रीतसर वाद आहे. मराठीत तर अध्याहृताशिवाय पान हलत नाही. 'कुठे चाललीस?' यातला 'तू', आणि ती बाई आहे हेही, क्रियापदाच्या शेपटावरूनच कळतं.

आजीचं वाक्य मात्र व्याकरणाने पुरं आहे. त्यात भरायला जागाच नाही. म्हणून त्याला अध्याहृत म्हणणं मला पटत नाही. ही व्यंजना, म्हणजे पुऱ्या वाक्यातून नुसता सुचवलेला अर्थ. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने 'काव्यप्रकाशा'त 'गतोऽस्तमर्कः', सूर्य मावळला, हे वाक्य घेतलं. गुराखी त्यातून 'गुरं वळवा' ऐकतो, मजूर 'काम आटपा'. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९६७ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत याच जातीच्या अर्थासाठी 'इम्प्लिकेचर' हा नवा शब्द घडवला. त्याची एक कसोटी सोपी आहे: असा अर्थ मागे घेता येतो. "आभाळ आलं हो, पण राहू देत, हुलकावणीच देईल," यात विसंगती नाही. 'चाललीस'मधला 'तू' असा मागे घेऊन दाखवा!

हे आणणं मुलांना हळूहळू जमतं. फ्रेंच भाषिकांवरच्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विचारलं होतं: 'काही जिराफांची मान लांब असते', बरोबर की चूक? अशा वाक्यांना निम्म्याहून अधिक मोठ्यांनी चूक ठरवलं. 'सगळ्यांची नाही' हे त्यांनी पदरचं आणलं होतं. आठ-दहा वर्षांच्या बहुतेक मुलांनी बरोबर म्हटलं. काटेकोर तर्काने मुलंच जिंकली.

सुट्टीला मुंबईहून आलेला नातू त्याच पंथातला. आजीची हाक ऐकून तो खळ्यात गेला, वर बघितलं आणि ओरडला, "हो गं आजी, आलंय!"