फेल्टच्या कात्रणातली नाताळभेट

सुईला नेढं आलं ते बहुधा थंडीपायी. सायबेरियात सापडलेल्या हाडाच्या सुया सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. कातडं नुसतं पांघरलं तर फटींतून वारा शिरतो; बाही अंगाला टाक्यांनी जोडली की ऊब आत टिकते.

नाताळसाठी घरी भेटी शिवण्याची हौस एकोणिसाव्या शतकात बहरली. १८४६ साली एलियास हाऊ यांना आणि १८५१ साली आयझॅक सिंगर यांना शिलाई मशीनचं पेटंट मिळालं. १८६३ पासून अमेरिकेतले शिंपी बटरिक यांचे, कपडे बेतायचे वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने आले. पण मला या इतिहासात सगळ्यात जवळची वाटते ती जर्मनीतल्या गिंगेन गावची मार्गारेटे श्टाइफ. लहानपणीच पोलिओने तिचे पाय गेले, उजव्या हातातही बळ नव्हतं. मशीनचं चाक उजवीकडे असतं. तिने मशीन उलटं मांडलं आणि चाक डाव्या हाताने फिरवलं! १८७७ साली तिने फेल्टच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या कापडाच्या, परकरांचं आणि कोटांचं दुकान काढलं. दोनेक वर्षांनी एका फॅशन मासिकातल्या नमुन्यावरून तिने फेल्टचे छोटे हत्ती शिवले. ते होते टाचण्या खोचून ठेवायला, ओळखीपाळखीत भेट द्यायला. मुलांनी मात्र ते खेळायलाच घेतले, आणि तिथून खेळण्यांचा कारखाना उभा राहिला.

यात फेल्टचा गुण मोठा. ते विणलेलं नसतं. ओल, उष्णता आणि दाब देऊन लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतवलेले असतात. कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत, कड दुमडावी लागत नाही. त्यामुळे कोट बेतून उरलेलं तळहाताएवढं कात्रणही कामी येतं.

ब्रिटनमध्ये जून १९४१ ते मार्च १९४९ कपड्यांचं रेशनिंग होतं, पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. तेव्हा ब्लँकेटचे कोट झाले, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांतून मुलांसाठी बाहुल्या झाल्या.

१९७९ साली अमेरिकेतल्या माल्डन मिल्स या गिरणीने पॉलिस्टरचं फ्लीस हे मऊ, लवदार कापड आणलं. त्याचीही कड सुटत नाही. दोन्ही टोकांना कात्रीने झालर कापली की एकही टाका न घालता मफलर तयार होतो. टोपीला मात्र जपून कापावं लागतं: फ्लीस एका दिशेला जास्त ताणतं, आणि ती दिशा डोक्याभोवती यायला हवी, नाहीतर टोपी कपाळावर रुतते.